महामारीकालीन अफवा-नियमन

महामारीकालीन अफवा-नियमन : साथीच्या काळात लोकांत फैलावणाऱ्या असत्य वार्तांच्या निवारणार्थ शासनसंस्था योजते ती निर्बंध, दंड व खुलासा यांची व्यवस्था. वार्तेचे सत्यासत्य ठरविण्याचा अधिकार कोणास आणि त्या निर्णयाविरुद्ध दाद कोठे, यांवरून तिचे प्रकार पडतात.

हिंदुस्थानात या व्यवस्थेची पाळेमुळे मुंबई इलाख्यातील प्लेगात आढळतात. इस्पितळात नेलेल्या रुग्णांना मारून त्यांच्या देहातून ‘मोमियाई’ नावाचे औषधी द्रव्य काढतात, अशी वदंता उठून २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी-कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. या वदंतेच्या मुळाशी रुग्णांस सक्तीने हलविण्याची धास्ती असताही, सरकारने १८९७ च्या साथरोग कायद्याने सक्तीचेच अधिकार वाढविले आणि १८९८ मध्ये दंडसंहितेचे अफवाविषयक ५०५ वे कलम अधिक व्यापक केले.

कोविड-१९ च्या साथीत निरनिराळ्या पद्धती एकाच वेळी कसोटीस लागल्या. चीनमध्ये सत्यासत्याचा निवाडा पोलीस खात्याकडे गेला : वूहानचे नेत्रवैद्य ली वनल्यांग यांनी ३० डिसेंबर २०१९ रोजी सहव्यावसायिकांना सार्ससदृश रोगाविषयी सावध केले असता, ३ जानेवारी २०२० रोजी त्यांच्याकडून ताकीदपत्रावर सही घेण्यात आली, फेब्रुवारीत त्याच रोगाने ते मरण पावले आणि मार्चमध्ये ती ताकीद रद्द झाली. सिंगापूरच्या २०१९ च्या कायद्याने हा अधिकार मंत्र्यांकडे सोपविला. मूळ मजकुरासोबत सरकारी दुरुस्ती जोडावयास लावणे हा तेथील प्रमुख उपाय असून, मंत्र्याने फेरविचार नाकारल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते. तैवानात कडक दंडविधी असूनही भर तत्पर खुलाशावर राहिला : मास्कच्या उत्पादनापायी टॉयलेट पेपर संपणार, अशी आवई फेब्रुवारी २०२० मध्ये उठताच, दोहोंचा कच्चा माल निराळा असल्याचे पंतप्रधानांच्या विनोदी व्यंगचित्राद्वारे लोकांस सांगण्यात आले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२० रोजी मुक्त चर्चेस आडकाठी न करता, घडामोडींविषयीचे सरकारी निवेदन प्रसिद्ध करण्याचा निर्देश वृत्तमाध्यमांना दिला. पत्र सूचना कार्यालय खुलासे करीत होते, तर दंडासाठी आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे ५४ वे कलम उपलब्ध होते.

साथनियंत्रणाची जबाबदारी व अफवेचा निवाडा एकाच हाती असल्यास, अडचणीची सत्य वार्ताही अफवा ठरण्याचा धोका संभवतो. साथीच्या आरंभी शास्त्रीय ज्ञानच अपुरे असल्याने तो अधिक वाढतो. उलटपक्षी, खुलासा करणाऱ्यावर लोकांचा पूर्वीपासून विश्वास नसेल, तर खुलाशाचाही उपयोग मर्यादितच राहतो.