शरदाचे अंगण : भोंडल्यापासून दिवाळीच्या किल्ल्यापर्यंत

भाद्रपद सरत येतो, पावसाचा जोर ओसरतो आणि धुतलेल्या आकाशात पांढऱ्या ढगांचे पुंजके दिसू लागतात. आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने. शेतात भात पोटरीवर आलेले असते आणि शहरात सहामाही परीक्षेची धांदल सुरू असते. तरीही वर्षातील सर्वाधिक सामूहिक कार्यक्रम याच दिवसांत होतात. त्यांपैकी बहुतेकांचे वैशिष्ट्य असे, की ते मुलांनी केवळ पाहायचे नसतात, तर करायचे असतात. फेर धरायचा, खिरापत ओळखायची, माती कालवायची, कंदिलाच्या काड्या बांधायच्या. वाडे गेले, अंगणे गेली, त्यांची जागा वाहनतळाने घेतली. पण हे उपक्रम टिकवायचे असतील, तर त्यांची नेमकी रीत आणि त्यामागचा विचार ठाऊक असायला हवा. कुटुंबे, शाळा आणि गृहनिर्माण संस्था यांना उपयोगी पडावा असा हा ऋतुक्रमानुसार आढावा.

तिथी आणि तारीख

नियोजनापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या ऋतूतील काही दिवस इंग्रजी तारखेने ठरतात, तर काही तिथीने. अधिक मास येतो त्या वर्षी पुढचे सण सुमारे तीन आठवडे पुढे सरकतात. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली. अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मधील दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. साहजिकच परीक्षा, सुट्टी आणि कार्यक्रम यांची सांगड दरवर्षी नव्याने घालावी लागते. गेल्या वर्षीचे वेळापत्रक तसेच उचलले, तर भोंडला नेमका गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी येतो!

भोंडला, हादगा आणि भुलाबाई

सूर्य हस्त नक्षत्रात प्रवेश करतो तो सप्टेंबरच्या अखेरीस. या नक्षत्राच्या पावसाला बोलीत 'हत्तीचा पाऊस' असेही म्हणतात. भोंडल्याच्या मध्यभागी हत्ती असतो, तो याच नात्याने. पुणे, मुंबई, नाशिक या भागांत 'भोंडला', सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडे 'हादगा', तर विदर्भ-खानदेशात 'भुलाबाई' अशी या खेळाची नावे आणि रूपे आहेत. हादग्यात हत्तीचे चित्र भिंतीवर लावून त्याला फळाफुलांच्या माळा घालतात. जुन्या रीतीनुसार हा खेळ सोळा दिवस चाले. भुलाबाईत शंकर-पार्वतीच्या, म्हणजे भुलोजी-भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडतात आणि भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर मुली घरोघरी गाणी म्हणतात. पुण्या-मुंबईकडे भोंडला बहुधा नवरात्रात होतो.

खेळाची मांडणी अगदी साधी आहे. पाटावर खडूने, रांगोळीने किंवा धान्याने हत्ती काढायचा, त्याची पूजा करायची, पाट मध्ये ठेवून भोवती फेर धरायचा आणि ठरलेल्या क्रमाने गाणी म्हणायची. जुन्या पद्धतीत पहिल्या दिवशी एक गाणे आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढती भाजणी असे. शेवटी खिरापत ओळखण्याचा खेळ. डबा झाकलेलाच राहतो; तो हलवून आवाज ऐकायचा, गोड की तिखट ते विचारायचे आणि तर्क लढवायचा. वाटली डाळ, भेळ, खोबऱ्याच्या वड्या असे ओळखीचे पदार्थ चटकन ओळखले जातात, म्हणून यजमान घरातील आईची खरी कसोटी असते ती न ओळखता येणारा पदार्थ करण्यात.

लहान वयात लग्ने होत त्या काळी सासुरवाशिणींना मोकळे होण्याची ही हक्काची जागा होती. सासर-माहेराची थट्टा, तक्रार आणि ओढ गाण्यांतून व्यक्त होई. आजच्या मुलींना त्यातील कित्येक शब्दांचा अर्थ लागत नाही. तो आजीने सांगावा, हाच कार्यक्रमाचा मोलाचा भाग होऊ शकतो. अलीकडे अनेक शाळांत आणि संकुलांत मुलगेही फेरात सामील होतात, परदेशांतील महाराष्ट्र मंडळांतही भोंडला रंगतो. मात्र एक पथ्य पाळावे. ध्वनिमुद्रित गाणी लावून मुलांना नुसते गोल फिरवू नये. गाण्यांच्या प्रती काढून वाटाव्यात. सूर चुकला तरी चालेल, पण गाणे गळ्यातून यावे.

पाटीपूजन आणि आपट्याचे पान

दसऱ्याला पाटीवर एक या आकड्याच्या ओळींतून सरस्वतीचे चित्र रेखाटण्याची प्रथा अनेक घरांत आहे. पाटीच दुर्मीळ झाली असली, तरी बालवाड्यांत आणि प्राथमिक शाळांत हा उपक्रम सहज होऊ शकतो.

सोने लुटण्यामागे रघुराजा आणि कौत्स यांची कथा सांगितली जाते. वरतंतू ऋषींच्या या शिष्याला गुरुदक्षिणा म्हणून चौदा कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या होत्या. रघूने कुबेरावर स्वारी करण्याचे ठरवताच सुवर्णाची वृष्टी झाली. घेणाऱ्याने गरजेपेक्षा अधिक घेतले नाही, देणाऱ्याने उरलेले परत ठेवले नाही. कथेचे हे मर्म मात्र फांद्या ओरबाडताना विसरले जाते. शिवाय बाजारात आपट्याच्या नावाने पुष्कळदा कांचनाची पाने विकली जातात. आपट्याचे जोडपान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा किंचित रुंद असते. कांचनाचे पान बरेच मोठे असते. शाळेच्या आवारात दोन्ही पाने शेजारी ठेवून फरक दाखवणे, एका पानावर सोने लुटणे किंवा कागदी पानावर शुभेच्छा लिहून देणे आणि आपट्याचे एखादे रोप लावणे, इतके केले तरी सण आणि झाड दोन्ही जगतात.

निसर्ग आणि पुस्तके

२ ते ८ ऑक्टोबर हा वन्यजीव सप्ताह. त्यासाठी दूरच्या अभयारण्यात जायलाच हवे असे नाही. 'ब्लू मॉरमॉन' हे २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झाले. त्याची मादी लिंबूवर्गीय झाडांवर अंडी घालते. संकुलातील लिंबाच्या झाडावर अळी, कोष आणि फुलपाखरू ही अवस्थांतरे मुलांना काही आठवड्यांत डोळ्यांदेखत पाहता येतात. अट एकच, त्या झाडावर कीटकनाशक मारू नये.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची १५ ऑक्टोबर ही जन्मतारीख महाराष्ट्रात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळली जाते. भाषणांपेक्षा पुस्तकांची अदलाबदल या दिवशी अधिक फलदायी ठरते. मुलाने वाचून झालेले एक पुस्तक आणावे, ते का आवडले हे दोन ओळींत लिहून आत ठेवावे आणि दुसऱ्याचे घेऊन जावे. दिवाळी अंकांची परंपराही याच ऋतूतली. का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'चा १९०९ मधील अंक हा मराठीतील पहिला दिवाळी अंक मानला जातो. मुलांसाठी 'बालभारती'चे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते. दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब जायचे असेल, तर महाबळेश्वर तालुक्यातील भिलार हे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' झालेले ठिकाण वाचनप्रेमी मुलांना आवडेल.

कोजागरी

आश्विन पौर्णिमेच्या रात्री 'कोण जागे आहे' असे विचारीत लक्ष्मी संचार करते, अशी श्रद्धा आहे; कोजागरी हे नाव त्यावरूनच पडले. या दिवशी घरातील ज्येष्ठ अपत्याला ओवाळतात, त्याला 'आश्विनी' म्हणतात. गच्चीवरचे आटीव दूध हा मुख्य बेत. त्याला आकाशदर्शनाची जोड देताना एक शास्त्रीय बाब लक्षात ठेवावी. पौर्णिमेच्या चंद्रावर प्रकाश समोरून पडत असल्याने सावल्या जवळजवळ नसतात, त्यामुळे दुर्बिणीतून विवरे ठळक दिसत नाहीत. ती अष्टमीच्या आसपास उत्तम दिसतात. म्हणून दुर्बीण आणायची असेल, तर कोजागरीच्या आठ दिवस आधी एकदा आणि त्या रात्री पुन्हा एकदा आणावी. हा फरकच मुलांना पुष्कळ काही शिकवून जातो.

मातीचा किल्ला

महाराष्ट्रातील मुलांची दिवाळी फटाक्यांनी नव्हे, तर किल्ल्याने सुरू होते. वसुबारसेच्या सात-आठ दिवस आधी विटा, दगड, माती आणि जुने गोणपाट यांची जमवाजमव होते. दगड-विटांचा उंचसखल सांगाडा रचायचा, त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरायचे, वरून मातीचा लेप द्यायचा आणि ओलसर उतारांवर अळीव किंवा मोहरी पेरायची. रोज हलके पाणी शिंपडले, की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. पाण्याचा हबका जोरात मारला, तर बी वाहून पायथ्याशी जमते, हा धडा प्रत्येक पिढी आपला आपण शिकते. मग तट, बुरूज, टाके, गुहेतला वाघ, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे आणि सर्वांत वर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज.

जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी स्थापत्य' या नावाने बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातील अकरा आणि तामिळनाडूतील जिंजी असे हे बारा किल्ले. काल्पनिक किल्ल्याऐवजी यांपैकी एकाची प्रतिकृती करायला घेतली, तर मुले आपोआप नकाशा उघडतात. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या, लोहगडाचा विंचूकाटा, समुद्राने वेढलेला सिंधुदुर्ग यांचे आकार मातीत उतरवणे कठीण नाही. सिंधुदुर्गासाठी तर पाण्याने भरलेली परातसुद्धा पुरते.

आज या किल्ल्याला वेढा पडला आहे तो दोन बाजूंनी. पहिली बाजू तयार किल्ल्यांची. प्लॅस्टरचा रंगवलेला किल्ला दुकानातून येतो, तासाभरात मांडला जातो आणि मुलांच्या नखांत मातीचा कणही जात नाही. दुसरी बाजू जागेची. फरश्या घाण होतात, गाड्यांना अडचण होते, अशी कारणे देऊन मुलांना माती आणण्यास मनाई करणारी संकुले शहरांत कमी नाहीत. तक्रार सर्वस्वी खोटी नसते. दिवाळीनंतर महिनाभर कोपऱ्यात पडून राहणारा चिखल कोणाला आवडेल? परंतु उपाय मनाईत नसून नियमांत आहे. व्यवस्थापन समितीने एक कोपरा आधीच नेमून द्यावा, खाली जाड कापड अंथरावे, तुळशीच्या लग्नानंतर किल्ला उतरवून माती बागेत टाकण्याची जबाबदारी मुलांकडेच सोपवावी आणि चित्रे पुढच्या वर्षासाठी पेटीत ठेवावीत.

स्पर्धा घ्यायची असेल, तर गुण केवळ देखणेपणाला नसावेत. किल्ला मुलांनी स्वतः केला का आणि त्याची माहिती त्यांना सांगता येते का, हे पाहावे. वडिलांनी रात्री जागून केलेला किल्ला नेहमीच अधिक सुबक असतो. परीक्षकांनी त्याला भुलू नये. आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. संकुलातील सुरक्षारक्षकाची किंवा घरकाम करणाऱ्या ताईंची मुले या खेळात आहेत की कडेला उभी राहून पाहत आहेत, याकडे मोठ्यांनी लक्ष द्यावे. माती कालवायला सदनिकेचा क्रमांक लागत नाही.

आकाशकंदील, नरकासुर आणि फटाके

बांबूच्या काड्या, पतंगी कागद आणि घरी शिजवलेली खळ एवढ्या साहित्यात कंदील होतो. दहा-बारा वर्षांच्या मुलांना एका दुपारी तो जमतो. गोव्यात याच सुमारास मुले आणि तरुण नरकासुराच्या प्रतिमा उभारतात आणि नरकचतुर्दशीच्या पहाटे त्यांचे दहन करून घरोघरी पोह्यांचे नाना प्रकार खातात. तिथेही प्रतिमांचा वाढता आकार, कर्कश संगीत आणि रस्त्यावर उरणारे सांगाडे यांविषयी नाराजी व्यक्त होते. उत्सव मोठा होणे म्हणजे चांगला होणे नव्हे, याचा प्रत्यय दोन्हीकडे येतो.

फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तुलनेने कमी प्रदूषण करणारे हरित फटाके आणि मर्यादित वेळ यांचे बंधन घातले. ध्वनिक्षेपकांसाठी २००० चे नियम लागू असून, शासनाने सवलत दिलेले दिवस वगळता रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत खुल्या जागी त्यांना मनाई आहे. फटाके उडवताना मोठे माणूस जवळ असावे, पाण्याची बादली हाताशी असावी आणि सुती कपडे घालावेत, हे नियम जुनेच, पण दरवर्षी विसरले जाणारे.

पक्षी सप्ताह

शरदाच्या उत्तरार्धात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह महाराष्ट्रात २०२० पासून अधिकृतपणे साजरा होतो. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचा जन्मदिन ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली (१८९६-१९८७) यांचा १२ नोव्हेंबर. या सुमारास स्थलांतरित पक्षी येऊ लागतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे २०२० मध्ये राज्यातील पहिले रामसर स्थळ ठरले. शालेय सहलीसाठी ते उत्तम आहे. जे जाऊ शकत नाहीत त्यांनी सकाळी अर्धा तास खिडकीत बसून दिसलेल्या पक्ष्यांची नोंद वहीत करावी. चार वर्षांच्या नोंदी साठल्या, की कोणता पक्षी दिसेनासा झाला, हे त्या वहीलाच विचारता येईल.

या साऱ्या उपक्रमांना खर्च फारसा नाही. लागतो तो मोठ्यांचा थोडा वेळ, थोडी जागा आणि थोडा चिखल सोसण्याची तयारी. अंगण म्हणजे तरी काय? चार घरांतील मुलांनी एकत्र यावे आणि कोणी त्यांना हटकू नये, अशी जागा. ती इमारतीच्या गच्चीवरही असू शकते, जिन्याखालीही. यंदाच्या शरदात आपल्या संकुलात तेवढी जागा मुलांसाठी मोकळी ठेवता येईल का, हे समितीच्या पुढच्या बैठकीत विचारून पाहायला हरकत नाही.