कडेचा हिशेब

नाशिककराचा समुद्राशी संबंध पावसाळ्यात ढग येतात तेवढाच. गोदावरीला आम्ही गंगा म्हणतो, आणि पूर आला की छत्री घेऊन काठावर उभे राहतो. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, गळ्याला पाणी, असा हिशेब झाला की घरी येऊन भजी खातो. आमचे सारे नौकानयन एवढेच. त्यामुळे गेल्या मे महिन्यात भाचा गोव्याहून सात फुटी फळी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा ती इस्त्रीची असावी असे सौ.ला वाटले.

ती लाटेवर उभे राहायची निघाली. मागोमाग बहिणीचा फोन. "दादा, हा बी.कॉम.चं शेवटचं वर्ष सोडून लोकांना लाटांवर उभं राहायला शिकवणार म्हणतोय! तू समजाव. तुझं ऐकेल तो."

माझे कोणी ऐकते ही बातमी मला नवीनच होती. पण आमच्या वाणिज्य शाखेच्या अब्रूचा प्रश्न होता. मी चष्मा पुसला, गंभीर झालो आणि म्हणालो, "बोल, आहे काय एवढं या फळीत?" तिथेच चुकलो.

"मामा, सगळं कडेत आहे," असे म्हणत त्याने माझी बोटे धरून फळीच्या कडेवरून फिरवली. पुढे कड गोल, लाटण्यासारखी. मागे जाता जाता खालच्या अंगाला तिला धार येत गेलेली. गोल कडेला पाणी बिलगते, वळसा घालून वर चढते. त्याने फळी लाटेला धरून राहते, पण वेग मरतो. धारेपाशी पाणी सुटते आणि फळी पळते. मग सगळीकडेच धार का नको? तर पुढची धार नको तिथे पाण्यात रुतते आणि स्वार डोक्यावर आपटतो.

मला एकदम आमच्या किटलीची आठवण झाली. तिच्या तोटीचे ओठ जाड आणि गोल. चहा कपात पडण्याऐवजी तोटीला बिलगून टेबलक्लॉथवर उतरतो. शेजाऱ्यांच्या किटलीची तोटी पातळ, धारदार. त्यांचा टेबलक्लॉथ पांढराशुभ्र. वीस वर्षे मी सौ.च्या हाताला दोष देत आलो होतो! (हे मी तिला अजून सांगितलेले नाही.)

ही अक्कल माणसाला बऱ्याच आपटाआपटीनंतर आली. हवाई बेटांवर पूर्वी जड लाकडी फळ्या असत. मागून रुंद असल्यामुळे उभ्या लाटेवर त्या शेपूट घसरून आडव्या होत. 1935 मध्ये टॉम ब्लेकने फळीच्या तळाला एक उभी पट्टी बसवून ती आवरली. दोन वर्षांनी होनोलुलूच्या जॉन केली, वॉली फ्रॉइसेथ आणि फ्रॅन हीथ या पोरांनी वेगळाच मार्ग काढला. फळीची मागची बाजू कुऱ्हाडीने तासून निमुळती केली, तळाला उतार दिला. फळी लाटेला धरून राहू लागली. चांगल्या फळीवर कुऱ्हाड घालायची म्हणजे घरच्यांनी काय म्हटले असेल! खालच्या अंगाची धार त्यानंतरची, 1970 च्या आसपासची.

"म्हणजे ही खांदेरीचीच गोष्ट की!" मी ओरडलो. भाच्याला वाटले, मामाला ऊन लागले.

समजावायला आलेला मी आता शिकवायला लागलो. 1679 मध्ये शिवाजीमहाराजांनी थळसमोरच्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मुंबईचे इंग्रज तो अडवायला जहाजे घेऊन आले. 18 ऑक्टोबरला दौलतखानाचे आरमार त्यांच्यावर तुटून पडले. इंग्रजांचे 'डव्ह' पकडले गेले. 'रिव्हेंज' मात्र हटले नाही, आणि शेवटी आपल्याच होड्या नागोठण्याच्या खाडीत परतल्या. त्या दिवशी कोण जिंकले यावर वाद घालता येईल. वेढा फसला यावर नाही. रात्री लहान, उथळ तळाच्या होड्या वल्ही मारत बेटावर माणसे आणि सामान पोचवत राहिल्या. खोल तळाचे जहाज पाण्याला घट्ट धरते, आडव्या वाऱ्यात सरकत नाही. पण उथळ पाण्यात शिरत नाही आणि वारा पडला की जागच्या जागी डुलते. आपल्या होड्या वाऱ्याने बाजूला ढकलल्या जात, जड तोफा त्यांना पेलत नसत. पण खडकाळ उथळातून निसटत. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. आपल्याकडे तलवारीच्या धारेवर पुष्कळ लिहिले जाते. होडीच्या तळाखाली वाकून बघणारा विरळा.

भाचा फळी मांडीवर घेऊन ऐकत होता. ताळेबंद शिकवणारा त्याचा एकही सर असे श्रोतृत्व मिळवू शकला नसेल. रात्री साडेअकराला तह झाला. परीक्षेला बसायचे, निकालाची वाट गोव्यात बघायची.

रविवारी बहीण आली.

"समजावलंस?"

"परीक्षेला बसतोय," मी म्हणालो. पुढचे कलम सौ.च्या पोह्यांनंतर सांगायचे ठरवले होते. बहिणीचा चेहरा उजळला. तिने स्वतःच किटली उचलून चारही कप भरले. एक थेंब टेबलावर पडला नाही.

"वहिनी, किटली नवीन वाटतं?" ती म्हणाली.

सौ.ने माझ्याकडे पाहिले.