प्रश्नाची परतीची वाट

मार्च २०२० मध्ये अमिरातीतल्या शाळा ८ तारखेपासून बंद झाल्या आणि २२ तारखेपासून संगणकावर भरू लागल्या, हे आपल्यापैकी कुणालाच नव्याने सांगायला नको. मुलांचे काय हाल झाले याच्या कथा आपण पुढे गणपतीत आणि दिवाळीत एकमेकांना भरपूर ऐकवल्या. शिक्षकांचे काय झाले, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही.

माझी पत्नी शारजात भारतीय अभ्यासक्रमाच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. मधल्या त्या दोन आठवड्यांत ती जेवणाच्या टेबलाशी बसून 'ऑनलाइन कसे शिकवावे' हे ऑनलाइनच शिकत होती. दुबईच्या हमदान बिन मोहम्मद स्मार्ट विद्यापीठाने चोवीस तासांत ऑनलाइन शिक्षक तयार करणारा विनामूल्य अभ्यासक्रम त्याच दिवसांत खुला केला होता, आणि असे आणखीही वर्ग निघाले होते. त्यांपैकी एका वर्गात तिने विचारले, "ज्या मुलाचा कॅमेरा बंद आहे, त्याला समजले की नाही हे ओळखायचे कसे?" प्रश्न लिहायला पडद्यावर चौकट होती. उत्तर आले नाही. प्रमाणपत्र मात्र वेळेवर आले.

मी व्यवसायाने संगणकवाला. अशा चौकटी मी स्वतः बांधल्या आहेत. चौकटीत लिहिलेले पुढे कोण वाचणार, हे बांधणाऱ्याला बहुधा कुणी सांगितलेले नसते आणि त्यानेही विचारलेले नसते. त्या रात्री मनाला टोचणी लागली आणि दूरस्थ शिक्षणाचा इतिहास मी केवळ एवढ्याच अंगाने वाचू लागलो, की शिकणाऱ्याचा प्रश्न परत जायला वाट होती का?

सुरुवात थेट आपल्या पुण्यात सापडली. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीने शेतकऱ्यांसाठी रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला. तेव्हाच्या मुंबई राज्यातले पाच जिल्हे आणि सुमारे दीडशे गावे त्यात होती. मंडळी रेडिओभोवती जमत, कार्यक्रम ऐकत, चर्चा करत आणि चर्चेचा अहवाल शंकांसह केंद्राकडे पाठवत. शंकांना पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे मिळत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने पाहणी केली तेव्हा मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ ठळक दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती पुष्कळच कमी होती. यंत्र दोन्हीकडे तेच होते. फरक पोस्टाने परत जाणाऱ्या कागदाचा होता, असे निदान मला तरी वाटते.

हे शिक्षकांसाठी नव्हते. शिक्षकांची पाळी वीस वर्षांनी आली, आणि ती थेट अंतराळातून. विक्रम साराभाईंच्या आग्रहातून १९६९ मध्ये अमेरिकेच्या नासाशी करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. त्यांनी कल्पिलेला 'साइट' हा प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा बरोबर एक वर्ष चालला. एटीएस-६ हा उपग्रह अमेरिकेने वर्षभरासाठी उसना दिला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीच्या तीन मीटर व्यासाच्या छत्र्या उभ्या राहिल्या. महाराष्ट्र त्यात नव्हता. कर्नाटकातले विजापूर आणि गुलबर्गा मात्र होते, म्हणजे प्रयोग आपल्या सोलापूरच्या वेशीपर्यंत आला होता.

याच काळात प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. बारा-बारा दिवसांच्या दोन फेऱ्या झाल्या, एक ऑक्टोबर १९७५ मध्ये आणि दुसरी पुढच्या उन्हाळ्यात. मिळून ५०,००० च्या घरात शिक्षक. खेड्यातले गुरुजी दूरचित्रवाणीसमोर बसून प्रयोग पाहत आहेत, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. बहुतेकांनी तो पडदा आयुष्यात प्रथमच पाहिला असेल.

आता माझ्यातला अभियंता इथे अडखळतो. ही जोडणी एकेरी होती. उपग्रहाकडून खेड्याकडे चित्र येई, खेड्याकडून उपग्रहाकडे काहीही जात नसे. हे योजकांना कळत नव्हते असे मुळीच नाही. म्हणूनच चित्राच्या जोडीला रेडिओ, छापील पुस्तिका, हाताने करायचे प्रयोग आणि प्रत्येक केंद्रावर शंका सोडवायला एक मार्गदर्शक, अशी मांडणी होती. उपग्रहाला जे जमत नव्हते ते काम त्या मार्गदर्शकाकडे होते. इतिहासात नाव मात्र उपग्रहाचे राहिले! वर्ष संपताच तो अमेरिकेकडे परत सरकवला गेला.

पुढे १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले, राम ताकवले पहिले कुलगुरू. नोकरी सांभाळून बी.एड. करणारे शिक्षक आपल्या नात्यागोत्यात कुणी ना कुणी असतीलच. माझी थोरली बहीण त्यांतलीच. ती सांगते, की पुस्तके घरी वाचता येत, पण एस.टी.ने अभ्यासकेंद्र गाठून संपर्कसत्राला बसले की खरे डोके उघडे. तिथे इतर शाळांतले शिक्षक भेटत आणि आपली अडचण जगावेगळी नाही हे कळे. तिचे तपासून आलेले स्वाध्याय, मार्गदर्शकांच्या लाल शाईतल्या शेऱ्यांसकट, अजून पेटीत आहेत.

२० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला. आता दुहेरी जोडणी आली. पण केंद्रे दोन प्रकारची होती. काही ठिकाणांहून प्रश्न विचारता येई, बाकीच्या ठिकाणी फक्त पाहता येई, आणि विचारता येणारी सामग्री महाग. मग फक्त पाहणारी केंद्रे वाढली यात नवल ते काय?

याच सुमारास, २००३ मध्ये, अमेरिकेत 'सेकंड लाइफ' हे आभासी विश्व सुरू झाले. विद्यापीठांनी तिथे बेटे घेतली, इमारती बांधल्या आणि कालांतराने त्यांतल्या पुष्कळशा ओस पडल्या. टिकण्याजोगा एक प्रयोग मला फ्लोरिडात दिसला. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या 'टीचलाइव्ह'मध्ये शिक्षिका मोठ्या पडद्यासमोर उभी राहते. पडद्यावर बाकांवर बसलेली काल्पनिक मुले. एखादे मूल चुळबुळ करते, दुसरे उलट उत्तर देते. चूक झाली तर खऱ्या मुलाचे नुकसान नाही, तास पुन्हा घेता येतो. गंमत अशी की त्या मुलांमागे दुसऱ्या जागी बसलेला एक प्रशिक्षित माणूस असतो आणि बहुतेक संवाद तोच बोलतो. १९७५ चा केंद्रावरचा मार्गदर्शकच जणू पडद्याच्या आत जाऊन बसला!

आपल्याकडचे उदाहरण अधिक जवळचे आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले. पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याचे त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. मला त्यांच्या आभासी सहली मोलाच्या वाटतात. त्यांत देशोदेशीचे वर्ग पडद्यावर समोरासमोर येतात आणि दोन्हीकडून प्रश्न जातात. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. २०१५ ते २०१९ या पुरस्काराचा सोहळा दुबईत होत असे. त्या वर्षी साथीमुळे तोही पडद्यावरच झाला. असो.

पत्नीच्या प्रश्नाला शेवटी उत्तर मिळाले ते अजमानच्या एका मैत्रिणीकडून, फोनवर. ती म्हणाली, "मुलांना तोंडी विचारू नकोस. आकृती वहीत काढून वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांग. चेहरा दाखवायला लाजणारी मुलेही वही दाखवतात." त्या वर्षी आमच्या घरी संध्याकाळी पडद्यावर तीस वह्या दिसत. काहींवर वरणाचे डागही असत.

मंडळाच्या मराठी वर्गाला शिकवणाऱ्या बहुतेक ताई-दादांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केलेला नाही. कुणी लेखापाल, कुणी औषधनिर्मात्या. त्यांच्यासाठी पंधरवड्यातून एकदा, शनिवारी रात्री नऊ वाजता, तासाभराची ऑनलाइन बैठक सुरू करावी असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. व्याख्यान नाही, प्रमाणपत्र नाही. प्रत्येकाने आपल्या वर्गात अडलेला एक प्रश्न गुरुवारपर्यंत पत्नीकडे लिहून द्यायचा. बैठक त्या प्रश्नांवरच चालेल. तीन प्रश्न आलेही आहेत. पहिला असा : घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला 'ळ' कसा शिकवावा?