सामान जागेवर होतं, म्हणून गावकरी सुटले

१८८८ साली कॉकेशस पर्वतात विल्यम डॉन्किन आणि हेन्री फॉक्स हे इंग्रज गिर्यारोहक दोन स्विस वाटाड्यांसह बेपत्ता झाले. लगेच कुजबुज सुरू: डोंगरातल्या लोकांनीच लुटून मारलं असणार! पुरावा? काहीच नाही.

पुढच्या वर्षी डग्लस फ्रेशफील्ड आणि क्लिंटन डेंट शोधायला गेले. कोश्तानताऊजवळ उंच खडकांत त्यांना हरवलेल्यांचा शेवटचा मुक्काम सापडला. झोपायच्या पिशव्या, सामान तिथंच होतं. लुटारू सामान सोडून जातात होय? म्हणजे चौघं पुढे चढतानाच अपघातात गेले असणार.

मृतदेह मिळाले नाहीत. पण गावकऱ्यांवरचा संशय फिटला. एखाद्या वस्तीवर आळ घेणारा मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं आठवा.