खेळाडूचे वाढलेले हृदय : एका संकल्पनेचा इतिहास

१८९९ मध्ये स्वीडनमधील डॉ. हेन्शेन यांनी स्की-स्पर्धकांची छाती बोटांनी ठोकून तपासली आणि मोठे आढळलेले हृदय हे सरावाचे फलित मानले. पुढे दीर्घकाळ अनेकांनी त्यास विकारच समजले. १९५८ मध्ये टीअर यांनी तरुणांच्या आकस्मिक मृत्यूंमागील हृदयस्नायूची विकृत जाडी वर्णिली. १९७५ मध्ये मॉर्गनरॉथ प्रभृतींनी इकोकार्डिओग्राफीद्वारे धावपटू व मल्ल यांच्या हृदयांतील भेद दाखविला. सरावजन्य वाढ सराव थांबविल्यावर बहुधा ओसरते. विकृती ओसरत नाही. म्हणूनच कर्जत-खालापूरच्या चढणींवर धावणाऱ्या विद्यार्थ्यास केवळ क्ष-किरण चित्रावरून मैदानाबाहेर काढणे जितके अन्यायकारक, तितकेच धावताना आलेली मूर्च्छा किंवा कुटुंबातील अकाली मृत्यू यांकडे दुर्लक्ष करणे घातक होय.