नावाची बारी: मोडनिंब आणि लावणीच्या प्रसिद्धीचा इतिहास

पुणे-सोलापूर महामार्गावर टेंभुर्णी ओलांडून सोलापूरकडे जाताना लागणारे मोडनिंब हे माढा तालुक्यातील गाव महाराष्ट्राच्या नकाशावर लहान असले, तरी लावणीच्या जाणकारांमध्ये त्याचा लौकिक मोठा आहे. चौफुला, सणसवाडी आणि जामखेड यांच्या बरोबरीने संगीत बारीची ठाणी म्हणून जी गावे ओळखली जातात, त्यांत मोडनिंबचे नाव हटकून येते. व्यापाराच्या भाषेत आज ज्याला ब्रँड म्हणतात, म्हणजे जे नाव ऐकताच गिऱ्हाइकाच्या मनात मालाच्या प्रतीविषयी एक ठाम अपेक्षा जागी होते असे नाव, ते संगीत बारीतील स्त्रियांनी छापील जाहिरातीच्या फारशा आधाराविना, पिढ्यान्‌पिढ्या, केवळ गळ्याच्या आणि अदाकारीच्या बळावर घडवले. प्रसिद्धीची साधने पुढे वाढत गेली, तेव्हा त्या नावाचे काय झाले, हा व्यापाराच्या इतिहासातला जितका प्रश्न आहे, तितकाच तो न्यायाचाही आहे.

तमाशाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. गण, गवळण, बतावणी आणि वग अशा क्रमाने चालणारा, गावोगाव फिरून तंबूत किंवा उघड्यावर खेळ करणारा तो ढोलकीफड. तर एका ठिकाणी राहून केवळ गाणे, नृत्य आणि अदा सादर करणारी ती संगीत बारी, जिच्यात ढोलकीबरोबर पेटी आणि तबल्याची साथ असते. संगीत बारीच्या थिएटरात अनेक पार्ट्या वस्तीला असतात. पार्टी म्हणजे एका मालकिणीच्या हाताखालील गायिका, नर्तिका आणि साजिंदे यांचा संच, आणि त्यांतील मुली पुष्कळदा मालकिणीच्या नात्यातल्याच असतात. संध्याकाळी रंगमंचावर एकेक पार्टी आपल्या पाळीने येऊन काही लावण्या सादर करते. ही पाळी म्हणजेच बारी, आणि तिच्यावरूनच साऱ्या प्रकाराला नाव पडले. तिकीट काढून आलेला रसिक सगळ्या पार्ट्या पाहतो, त्यांतील एक मनात धरतो आणि मग तिला खासगी बैठकीसाठी बोलावतो, जिथे मोजक्या श्रोत्यांसमोर फर्माईशीच्या लावण्या होतात आणि दौलतजादा, म्हणजे खूश होऊन दिलेली बिदागी, मिळते.

उत्पन्नाचा भर बैठकीवर असल्यामुळे व्यापारी दृष्टीने पाहता रंगमंचावरची बारी हा दुकानदाराने दाखवलेला नमुना ठरतो. थोडे दाखवायचे, उरलेले राखून ठेवायचे आणि त्या राखून ठेवलेल्याची ओढ लावायची, ही आजच्या विक्रीशास्त्रात शिकवली जाणारी रीत थिएटरातल्या मालकिणींना अनुभवाने ठाऊक होती. बैठकीत एकाच ओळीचा अर्थ नजरेने, भुवईने आणि हाताच्या मुद्रेने पुन्हा पुन्हा नव्याने उलगडून दाखवला जातो. समोरच्या श्रोत्याची दाद पाहून तो त्याच क्षणी बदलतही असल्याने त्याची नक्कल करणे किंवा तो साठवून ठेवणे कठीण असते, आणि म्हणूनच त्याला किंमत येते.

नाव जपण्याची लावणीची परंपरा संगीत बारीहून जुनी आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहीर राम जोशी हे मूळचे सोलापूरचे. त्यांच्या आणि त्यांच्या समकालीनांच्या लावण्यांत शेवटच्या कडव्यात कवीचे नाव गुंफलेले असे, त्याला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नसलेल्या आणि रचना तोंडोतोंडी फिरणाऱ्या काळात कर्तृत्वाचा हक्क सांगण्याचा हा एकमेव खात्रीचा उपाय होता, कारण मुद्रा गाण्याच्या पोटातच असल्याने गाणे जिथे जाईल तिथे कर्त्याचे नाव जात असे. त्यातील उणीव मात्र पहिल्यापासून होती, ती अशी की ही मुद्रा लिहिणाऱ्याची होती, गाणारीची किंवा नाचणारीची नव्हती. राम जोशींच्या फडातील बया आणि चिमा यांची नावे आज माहीत आहेत ती शाहिराच्या कथेतील पात्रे म्हणून, स्वतःच्या मुद्रेने नव्हेत.

गाणाऱ्या स्त्रियांनी ही उणीव वेगळ्या मार्गाने भरून काढली. वाईकर, सातारकर, नगरकर, पुणेकर, संगमनेरकर अशी गावाच्या नावाला ‘कर’ जोडून केलेली आडनावे लावणीच्या क्षेत्रात जितकी आढळतात, तितकी अन्य क्वचितच आढळतील. यमुनाबाई वाईकर, रोशन सातारकर, गुलाबबाई संगमनेरकर, शकुंतलाबाई नगरकर ही नावे उच्चारताच माणूस, गाव आणि घराणे यांची ओळख एकदम पटते. यामागे केवळ हौस नव्हती. संगीत बारीतील कलावंत स्त्रिया प्रामुख्याने कोल्हाटी समाजातल्या, आणि त्या समाजात नाचगाण्याच्या व्यवसायात उतरलेल्या मुलीने लग्न न करण्याची रूढी असल्यामुळे, नवऱ्याचे नाव लावण्याचा प्रश्न उद्भवत नसे आणि बापाचे नावही बहुधा लावता येत नसे. करमाळा तालुक्यातील नेरले येथे जन्मलेल्या किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोल्हाट्याचं पोर’ या आत्मकथनावर स्वतःच्या नावात वडिलांच्या जागी आईचे नाव घातले, त्यामागचे दुःख त्या पुस्तकाच्या पानोपानी आहे. समाजाने जे नाकारले त्या रिकाम्या जागी या स्त्रियांनी गाव बसवले आणि त्या गावाला आपल्या कलेची हमी बनवले. नाव कमावण्याच्या मराठी इतिहासातील ही एक मोठी कर्तबगारी आहे आणि तिची नोंद व्यापाराच्या इतिहासात झालेली नाही.

मोडनिंबचे नाव वाढण्यात रस्त्याचा वाटा आहे. अडीच फूट रुंदीच्या रुळांची बार्शी लाइट रेल्वे १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत पोचली, आणि त्या मार्गावर मोडनिंबचे स्थानक आहे. पुढे पुणे-सोलापूर-हैदराबाद या हमरस्त्यावरील वाहतूक वाढली. ढोलकीफड गिऱ्हाइकाच्या दारी जातो, त्यामुळे त्याला दवंडी, हलगी, भिंतीवरची पत्रके आणि कर्णा लावलेली गाडी यांची गरज पडते. त्याची सुपारी, म्हणजे खेळाचा करार, ठरवण्यासाठी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच जत्रेसाठी तिथे येतात. संगीत बारी मात्र एका जागी बसलेली, तिच्याकडे रसिकाने चालून यायचे. म्हणून तिला रहदारीचा रस्ता आणि सांगोवांगीची शिफारस या दोनच गोष्टी पुरेशा होत्या. मुक्कामाला थांबलेला व्यापारी, उसाचे पैसे हाती आलेला बागायतदार, मालमोटारीचा चालक असे लोक पुढच्या गावी जाऊन जे सांगत, तीच मोडनिंबची जाहिरात होती. शिफारशीवर उभा राहिलेला व्यवसाय एकेका रसिकाला जपतो, कारण एक नाराज माणूस दहा जणांची वाट अडवतो, आणि बैठकीतील अदबीचे, विड्याचे, आल्यागेल्याची विचारपूस करण्याचे रिवाज याच गरजेतून पक्के होतात.

स्वातंत्र्यानंतर लगेचच या नावावर पहिला मोठा घाला आला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४८ च्या सुमारास, अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली आणि नंतर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनुसार संहिता आधी तपासून घेण्याच्या अटीवर ती उठली. तमाशा हा शब्दच बदनाम ठरल्यामुळे त्याच्या जागी लोकनाट्य हा शब्द रूढ होऊ लागला, आणि संगीत बारीच्या थिएटरांच्या पाट्यांवर कला केंद्र, सांस्कृतिक केंद्र असे शब्द आले. जुना माल नव्या नावाने बाजारात आणण्याला आज रीब्रँडिंग म्हणतात. मोडनिंबसारख्या ठिकाणी ते परवान्याच्या सक्तीने झाले. पाटी बदलली तरी प्रतिष्ठा बदलली नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. ज्या दशकांत शहरी नाट्यगृहांत लोकनाट्याला सुशिक्षितांची गर्दी होऊ लागली आणि वसंत सबनीस यांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ गाजले, त्या काळातही कला केंद्राच्या दारातून आत जाणारा माणूस तोंड लपवूनच जात असे.

मग चित्रपट आला. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ मध्ये आणि व्ही. शांताराम यांचा ‘पिंजरा’ १९७२ मध्ये प्रदर्शित झाला, आणि लावणी घराघरांत पोचली. वसंत पवार, राम कदम या संगीतकारांनी तमाशाचा बाज चित्रपटात आणला, तो अस्सल होता यात शंका नाही. तथापि श्रेयनामावलीत कवी, संगीतकार, पार्श्वगायिका आणि नायिका यांना स्थान मिळाले. ज्या थिएटरांत आणि फडांत त्या चाली, ते ठेके आणि त्या अदा वर्षानुवर्षे घोटल्या गेल्या, तेथील स्त्रियांना नाही. १९८० च्या दशकात ध्वनिफितींनी हेच आणखी स्वस्तात केले. प्रसिद्धी लावणीची झाली; ती करणारीचे नाव दर वेळी एक पायरी मागे सरले.

मोडनिंबच्याच सोलापूर जिल्ह्यातील अकलूज येथे १९९० च्या दशकात सुरू झालेल्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेने हा प्रवाह काही अंशी उलटवला. संगीत बारीच्या पार्ट्या तिथे आपल्या नावानिशी उतरत, आणि घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांतील स्त्रियाही प्रेक्षकांत बसत. सुरेखा पुणेकर यांच्या ‘नटरंगी नार’ने याच सुमारास नाट्यगृहांत तिकीटबारीवर यश मिळवले, आणि ‘कर’ लावलेले नाव पुन्हा एकदा फलकाच्या माथ्यावर आले. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी कलावंतांवरील आपल्या अभ्यासात दाखवले की, या स्त्रियांच्या कलेचा आणि लैंगिकतेचा उपभोग घेणारी व्यवस्था त्यांना जातीच्या उतरंडीत मात्र खालीच ठेवते. अकलूजच्या टाळ्यांनी ती उतरंड मोडली नाही, पण नाव परत मिळाल्याचे मोल त्यामुळे कमी होत नाही. पुढे २०१२ मध्ये यमुनाबाई वाईकर यांना पद्मश्री मिळाली, आणि भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ हे पुस्तक २०१४ मध्ये आले, तेव्हा बैठकीच्या लावणीकडे कला म्हणून पाहणारा नवा वाचक तयार झाला.

इंटरनेटचे युग या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. मोबाइलवर उतरवलेल्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती, ज्यांना रील म्हणतात, आता लाखोंच्या नजरेखालून जातात. कोणती चित्रफीत कोणापुढे ठेवायची हे संकेतस्थळाचे गणिती नियम, म्हणजे अल्गोरिदम, ठरवतात, आणि त्या नियमांना सावकाश उलगडणारी अदा कळत नाही, लगेच डोळ्यांत भरणारी हालचाल कळते. बारी हा नमुना आणि बैठक हा माल, अशी जी विभागणी होती, ती अशा चित्रफितीने पुसली जाते, कारण नमुनाच सर्वत्र फुकट फिरतो आणि त्याच्यामागे उभी असलेली बैठक दिसतच नाही. २०२० च्या मार्चपासून करोनाच्या टाळेबंदीत थिएटरे बंद पडली, तेव्हा या माध्यमाचा आधार घेण्यावाचून अनेक कलावंतांना गत्यंतर राहिले नाही. स्वतःच्या नावाने वाहिनी चालवणारी, सुपारी थेट फोनवर घेणारी तरुण कलावंत त्यातूनच पुढे येते, आणि मध्यस्थावाचून रसिकापर्यंत पोचण्याची ही सोय तिच्या आजीला कधीच मिळाली नव्हती, हेही तितकेच खरे. तिच्या यशाविषयी नाके मुरडणाऱ्यांनी तिच्या आजीच्या बैठकीची दाद कोणत्या तोंडाने दिली, याचा विचार करावा.

गावाच्या नावाचे मोल कायद्याने ओळखले ते मालासाठी. सोलापुरी चादरीला २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक, म्हणजे विशिष्ट प्रदेशाच्या नावाने माल विकण्याचा त्या प्रदेशातील उत्पादकांचा नोंदणीकृत हक्क, मिळाला, आणि २०१६ मध्ये शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीलाही तो मिळाला. हा कायदा शेतमाल, नैसर्गिक वस्तू आणि तयार वस्तू यांच्यापुरताच आहे. गाणे आणि नाच त्याच्या कक्षेत बसत नाहीत. चादरीवरचे ‘सोलापुरी’ हे विशेषण दुसऱ्या प्रांतातील कारखानदाराने लावले तर तक्रार करता येते, पण मोडनिंबच्या बैठकीतील अदा उचलून कोणी पडद्यावर आणली, तर गावाच्या नावावर कोणताही दावा लागत नाही.

कलावंताच्या स्वतःच्या नावाची गोष्ट वेगळी आहे. कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांचे हक्क आले, आणि त्यांत गायक, वादक यांच्याबरोबर नर्तकांचाही समावेश झाला. २०१२ च्या दुरुस्तीने त्यापुढे जाऊन, आपल्या सादरीकरणाबरोबर आपले नाव यावे आणि आपली प्रतिष्ठा उणावेल अशी त्याची मोडतोड होऊ नये, असा नैतिक हक्क त्यांना दिला. शाहिराने शेवटच्या कडव्यात आपल्या हाताने गुंफलेली नाममुद्रा, दोन शतकांनंतर, गाणारी आणि नाचणारी यांच्यासाठी कायद्याच्या कलमातून आली. मोडनिंबच्या लावणीच्या ज्या चित्रफिती आज फिरतात, त्यांच्या मथळ्यात पुष्कळदा गावाचे नाव ठळक असते, कारण लोक तेच शब्द टाकून शोध घेतात. पार्टी कोणाची, पेटीवर कोण, आणि ओळ उलगडणारी ती बाई कोण, ही माहिती त्या मथळ्यात नसते.