हार्ड डिस्कचे स्थानांतर (लॅपटॉप)

एका लॅपटॉपमधील हार्ड डिस्क तिच्यावरील माहितीसह काढून दुसऱ्या लॅपटॉपमध्ये बसवणे किंवा त्याला बाहेरून जोडणे. जुन्या यंत्राचा मदरबोर्ड जळाला, स्क्रीन फुटली किंवा बिजागरी तुटली, पण डिस्क शाबूत आहे, अशा वेळी बहुधा हे काम निघते. ‘हार्ड डिस्क’ हा शब्द बोलताना फिरत्या तबकड्यांच्या डिस्कला आणि तबकड्या नसलेल्या एसएसडीलाही सर्रास वापरला जातो. येथेही तो तसाच घेतला आहे.

पेचकस हातात घेतला की बहुतेक लॅपटॉपांत हे काम थोड्या वेळाचे. खरी अडचण वेगळी आहे. डिस्कवर दोन निराळ्या गोष्टी नांदत असतात : मालकाची माहिती आणि यंत्र चालवणारी कार्यप्रणाली. माहिती कुठेही गेली तरी तीच राहते. कार्यप्रणाली मात्र ज्या यंत्रावर बसवली त्याच्याशी जुळवून घेतलेली असते. त्यामुळे आपल्याला फायली हव्यात की जुना संगणक जसाच्या तसा हवा, हे आधी ठरवावे. बहुतेकांना फोटो, कागदपत्रे, हिशेब एवढेच हवे असते, आणि तेवढ्यासाठी नवा लॅपटॉप उघडण्याचे कारण नाही. डिस्क बाहेरच्या केसिंगमध्ये घालून यूएसबीने जोडली की काम भागते. अडीच इंची डिस्कला ५ व्होल्टचा पुरवठा पुरतो, म्हणून तिला वेगळा अडॅप्टर लागत नाही.

आकार व जोडणी. अडीच इंची डिस्क प्रेअरीटेक या अमेरिकी कंपनीने १९८८ मध्ये प्रथम आणली; तिची क्षमता २० मेगाबाइट होती. जुन्या लॅपटॉपांतील आयडीई डिस्कला ४४ पिना असत. २००३ नंतर साटा जोडणी आली. तिच्यात माहितीसाठी ७ आणि विजेसाठी १५ संपर्क असतात. जाडीकडे दुर्लक्ष होते आणि तिथेच काम अडते : ९.५ मिमी जाडीची डिस्क ७ मिमीच्या खाचेत बसत नाही. उलट, पातळ डिस्क जाड खाचेत चौकट लावून बसवता येते. अलीकडच्या लॅपटॉपांत च्युइंगगमच्या पट्टीसारखी एम.२ एसएसडी असते. तिच्यावरील ‘२२८०’ या आकड्याचा अर्थ रुंदी २२ मिमी व लांबी ८० मिमी. दिसायला सारख्या असलेल्या या पट्ट्यांपैकी काही साटा पद्धतीने चालतात, काही एनव्हीएमई पद्धतीने. खाच एकच पद्धत ओळखणारी असेल, तर नीट बसलेली पट्टीही दिसत नाही. केसिंग घेतानाही हा फरक पाहावा लागतो.

डिस्क काढण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढावा, बॅटरी सोडवावी आणि अंगावरची स्थिर वीज घालवण्यासाठी धातूच्या वस्तूला हात लावावा. तबकड्यांची डिस्क टकटक आवाज करत असेल तर ती कुठेही जोडू नये. दर वेळी वीज दिल्यावर आतले शीर्ष तबकडीला आणखी ओरखडे पाडू शकते.

कार्यप्रणालीसह स्थानांतर. जुनी विंडोज नव्या लॅपटॉपवर तशीच सुरू होईल याची खात्री नसते. साठवण नियंत्रक वेगळा निघाला की सुरुवातीलाच निळी स्क्रीन येते. विंडोज एक्सपीच्या काळात हे नित्याचे होते. विंडोज १० व ११ पुष्कळ सोशिक आहेत, नवे ड्रायव्हर स्वतः शोधतात. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर कर्नेलबरोबरच येत असल्याने ती सहसा अडत नाही. परवान्याचा प्रश्न वेगळा. विंडोज ८ पासून लॅपटॉपबरोबर मिळणाऱ्या विंडोजची किल्ली मदरबोर्डवर नोंदलेली असते. डिस्कबरोबर ती येत नाही.

कुलूपबंद डिस्क. माझ्या मते सर्वांत क्लेशकारक प्रसंग हाच. अनेक नव्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच विंडोज डिस्क आपोआप कूटबद्ध करते. किल्ली जुन्या मदरबोर्डवरील टीपीएम चिपच्या ताब्यात असते. डिस्क दुसरीकडे नेली की ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. आपण कुलूप कधी लावलेच नव्हते, असे मालक शपथेवर सांगतो, आणि त्याच्या दृष्टीने ते खरेही असते. हे आकडे बहुधा त्याच खात्यात जपलेले असतात. फोनवरून प्रवेश करूनही ते पाहता येतात. खातेच विसरले असेल आणि की इतरत्र कुठेही जपलेली नसेल, तर दुरुस्तीवाल्याच्या हातातही काही उरत नाही. अॅपलच्या टी२ चिप असलेल्या आणि २०२० पासूनच्या एम मालिकेतील मॅकबुकांत साठवणच मदरबोर्डवर डाखलेली असते आणि तिची किल्ली यंत्राबाहेर जात नाही. तेथे स्थानांतर शक्यच नाही. आधी घेतलेला बॅकअप हाच आधार.

जुनी डिस्क जोडल्यावर कधी ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल’ अशी सूचना येते. डिस्क लिनक्सची किंवा मॅकची असेल, विभागणीची नोंद बिघडली असेल, तरीही विंडोज हेच विचारते. माहिती तोवर बहुधा जागेवरच असते. अशा वेळी फॉरमॅट मारणे म्हणजे हातची माहिती घालवणे. नकार देऊन डिस्क बाजूला काढावी. ‘परवानगी नाही’ हा संदेश त्या मानाने निरुपद्रवी. फोल्डर जुन्या खात्याच्या मालकीचे असते, आणि प्रशासक खात्यातून ती मालकी बदलून घेता येते.

मराठी मजकूर. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती यांसारख्या सॉफ्टवेअरांतून टंकलेल्या फायलींत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. फाइल नव्या लॅपटॉपवर व्यवस्थित येते, उघडतेही, पण तो फॉन्ट तेथे नसल्याने रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. फाइल बिघडली असे समजून कितीतरी जणांनी आपले दिवाळी अंक, हस्तलिखिते, पत्रव्यवहार पुसून टाकला असेल! मजकूर शाबूत असतो, हरवलेला असतो तो फॉन्ट, आणि तो बहुधा जुन्या डिस्कवरच ‘विंडोज’मधल्या ‘फॉन्ट्स’ या फोल्डरात पडलेला असतो. जुनी डिस्क पुसण्यापूर्वी ते फोल्डर उतरवून घ्यावे. मग मजकूर वाचताही येतो आणि सवडीने युनिकोडमध्ये आणताही येतो.